विश्लेषण : पाठीवरची न भरणारी जखम, स्नायूचा फ्लॅप आणि अलेक्सी कारेल यांचा टाका

मणक्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कंबरेवरची जखम चिघळली आणि आत बसवलेले स्क्रू-सळ्या उघड्या पडल्या, की नुसते टाके घालून भागत नाही. अशा वेळी रुग्णाच्याच शरीरातील एखादा स्नायू रक्तवाहिन्यांसह उचलून त्या खड्ड्यात बसवावा लागतो. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या धमन्या आणि शिरा सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याचे हे काम म्हणजे मायक्रोसर्जरी. तिच्या मुळाशी असलेला रक्तवाहिनीचा टाका १९०२ मध्ये फ्रान्समधील ल्यों शहरातल्या एका तरुण डॉक्टरने मांडला. त्या टाक्याने त्यांना नोबेल मिळवून दिले. मात्र, आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी जे लिहिले आणि ज्या राजवटीशी हातमिळवणी केली, त्यामुळे त्यांच्याच देशातील रस्त्यांवरून आणि विद्यापीठाच्या दारावरून त्यांचे नाव उतरवले गेले. अलेक्सी कारेल यांच्या या गुंतागुंतीच्या आयुष्याविषयी...

कंबरेच्या जखमा इतक्या अवघड का असतात?

पाठीच्या वरच्या भागात रुंद, सैल आणि भरपूर रक्तपुरवठा असलेले स्नायू आहेत. खाली कंबर आणि माकडहाडाजवळ आल्यावर चित्र बदलते. मध्यरेषेवर हाड त्वचेच्या अगदी जवळ असते, त्वचा फारशी ताणली जात नाही आणि रुग्ण उताणा झोपला की सगळा भार तिथेच येतो. मणक्याची शस्त्रक्रिया, गाठ काढणे, कर्करोगावरील किरणोपचार किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्याने होणारे शय्याव्रण, कारण कोणतेही असो, इथे पडलेला खड्डा आपोआप भरून येणे कठीण असते. आत पोकळी राहिली की तिथे द्रव साठतो आणि जंतू वाढतात. धातूचे स्क्रू उघडे पडले असतील तर ते काढावेत की ठेवावेत, हा पेच उभा राहतो. काढले तर मणका अस्थिर होतो. ठेवले तर जंतूंना आधार मिळतो.

अशा जागी स्नायू उपयोगी पडतो. तो मऊ असल्याने खड्ड्याच्या आकारात बसतो आणि पोकळी भरून काढतो. त्याच्यातील रक्तासोबत प्राणवायू, पांढऱ्या पेशी आणि शिरेतून दिलेली प्रतिजैविके थेट जखमेच्या तळापर्यंत पोहोचतात. पण हे सारे घडते ते स्नायू जिवंत असेल तरच. रक्ताशिवाय स्नायू काही तासांतच मरू लागतो. म्हणून संपूर्ण शस्त्रक्रियेचे यश रक्तवाहिनीवर अवलंबून असते.

फ्लॅप म्हणजे नेमके काय?

शरीराचा एक भाग त्याचा रक्तपुरवठा राखून दुसरीकडे नेणे म्हणजे फ्लॅप. ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळाची त्वचा खाली वळवून पुन्हा घडवण्यात आले. त्या त्वचेचे मूळ भुवयांच्या मध्ये जोडलेलेच ठेवले होते, म्हणून ती जगली. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये हा वृत्तांत छापून आला आणि युरोपातील शल्यचिकित्सकांचे लक्ष तिकडे वेधले गेले.

या पद्धतीला एक मर्यादा होती. मूळ जोडलेले ठेवायचे म्हटल्यावर फ्लॅप जवळपासच वळवता येतो. पाठीवरचा किंवा मांडीवरचा स्नायू पूर्ण सोडवून दूर न्यायचा, तर त्याची धमनी आणि शीर कापावी लागते आणि नव्या जागी दुसऱ्या धमनी-शिरेला जोडावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी हेच अशक्य मानले जात होते. कापलेली रक्तवाहिनी बांधून टाकणे एवढेच बहुतेक शल्यचिकित्सकांच्या हाती होते. शिवण्याचा प्रयत्न केला तर वाहिनी आकसायची, गळायची किंवा गुठळीने बंद व्हायची.

कारेल या प्रश्नाकडे कसे वळले?

कारेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी ल्योंजवळच्या सेंट-फ्वा-ले-ल्यों येथे झाला. वडील कापडाच्या व्यवसायातले. ते लवकर गेले, तेव्हा कारेल लहान होते. पुढे वडिलांचेच अलेक्सी हे नाव त्यांनी लावले. शालेय शिक्षण जेझुइट धर्मगुरूंच्या शाळेत आणि वैद्यकीय शिक्षण ल्यों विद्यापीठात झाले.

२४ जून १८९४ रोजी फ्रान्सचे अध्यक्ष सादी कार्नो ल्योंच्या भेटीवर असताना एका इटालियन अराजकवाद्याने त्यांना भोसकले. यकृताकडे जाणारी मोठी शीर फाटली होती. शहरातील नामवंत शल्यचिकित्सक हजर होते, परंतु रक्तस्राव थांबवणे त्यांना जमले नाही आणि मध्यरात्रीनंतर कार्नो यांचा मृत्यू झाला. त्या वेळी विशीत असलेल्या कारेल यांच्या मनात या घटनेने घर केले. कापड फाटले तर शिवता येते, मग शीर का शिवता येऊ नये, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. ल्योंमध्येच मात्यू जाबुले यांच्यासारखे शल्यचिकित्सक रक्तवाहिन्या जोडण्याचे प्रयोग करत होते. त्या वातावरणाचा लाभ कारेल यांना झाला.

भरतकामाचा शस्त्रक्रियेशी काय संबंध?

ल्यों हे रेशमाचे शहर. बारीक सुई आणि रेशमी धागा हाताळणारे कुशल कारागीर तिथे गल्लोगल्ली होते. कारेल यांनी मादाम लेरुदिए या भरतकाम करणाऱ्या बाईंकडून नाजूक टाके घालायचे धडे घेतले. त्यांनी अतिशय बारीक सुया मिळवल्या, धाग्याला व्हॅसलिनचा हात दिला आणि वाहिनीला होणारी इजा कमीत कमी ठेवली.

त्यांची मुख्य युक्ती सोपी होती. गोल, मऊ नळी शिवताना दोन अडचणी येतात. तोंड आक्रसते आणि सुई पलीकडच्या भिंतीत अडकते. कारेल यांनी दोन्ही टोकांच्या कडांवर समान अंतराने तीन टाके घातले आणि ते तीन दिशांना ताणून धरले. वर्तुळाचा त्रिकोण झाला. आता प्रत्येक बाजू सरळ रेषेसारखी शिवता येत होती. कडा किंचित बाहेर वळवल्याने वाहिनीचे आतले गुळगुळीत अस्तर अस्तराला भिडत असे आणि रक्ताचा संबंध धाग्याशी कमीत कमी येत असे. त्यामुळे गुठळीचा धोका घटला. १९०२ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन हाताशी येण्याआधीचा हा काळ होता, हे लक्षात घेतले की त्या टाक्याच्या सफाईची कल्पना येते.

त्यांना फ्रान्स का सोडावा लागला?

त्याच वर्षी कारेल आजारी यात्रेकरूंच्या रेल्वेगाडीबरोबर डॉक्टर म्हणून लूर्द या तीर्थक्षेत्री गेले. क्षयामुळे पोट फुगून मरणपंथाला लागलेली मारी बेली ही तरुणी तिथल्या पाण्यानंतर झपाट्याने सुधारल्याचे त्यांनी पाहिले आणि जे पाहिले ते नाकारले नाही. त्याचा परिणाम असा झाला, की वैद्यकीय वर्तुळाला ते भोळसट वाटू लागले, तर श्रद्धावंतांना त्यांची साक्ष अपुरी वाटली. ल्योंमध्ये रुग्णालयातील पद मिळण्याची आशा मावळली. १९०४ मध्ये ते कॅनडाला गेले आणि तिथून शिकागोला पोहोचले.

अमेरिकेत त्यांनी काय साधले?

शिकागो विद्यापीठात चार्ल्स गथ्री या शरीरशास्त्रज्ञासोबत त्यांनी प्राण्यांवर प्रयोगांची मालिका सुरू केली. मूत्रपिंड, थायरॉइड, अगदी हृदयसुद्धा एका जागेवरून काढून दुसरीकडे जोडले. या मालिकेतील एक निष्कर्ष आजच्या विषयासाठी फार मोलाचा आहे. धमनीचा तुकडा नसेल तर त्या जागी शिरेचा तुकडा जोडता येतो आणि तो धमनीचा दाब सोसतो, हे दोघांनी दाखवले. पुढे हृदयाची बायपास आणि पायाच्या धमन्यांच्या शस्त्रक्रिया याच तत्त्वावर उभ्या राहिल्या.

१९०६ मध्ये कारेल न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत रुजू झाले. दोन वर्षांनी त्यांचा टाका प्राण्यांच्या प्रयोगशाळेतून थेट एका घरात गेला. न्यूयॉर्कमधील एका शल्यचिकित्सकाच्या नवजात मुलीला रक्तस्राव होत होता. कारेल यांनी वडिलांच्या मनगटाची धमनी बाळाच्या पायातील शिरेला जोडून थेट रक्त दिले आणि मूल वाचले.

अवयव प्रत्यारोपणातील खरी अडचणही त्यांनी ओळखली. प्राण्याचे मूत्रपिंड काढून त्याच प्राण्यात पुन्हा बसवले तर ते काम करत राहते. दुसऱ्या प्राण्यात बसवले तर काही काळाने निकामी होते. जोडणी उत्तम असूनही हे घडत असल्याने दोष टाक्याचा नव्हता. शरीर परका अवयव नाकारते, याकडे त्यांनी बोट दाखवले. त्यावर औषध सापडायला पुढची अनेक दशके जावी लागली.

१९१२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल कारेल यांना रक्तवाहिन्यांचा टाका आणि वाहिन्या व अवयवांच्या प्रत्यारोपणासाठी देण्यात आले. अमेरिकेत काम करणाऱ्या संशोधकाला मिळालेले हे या विषयातील पहिलेच नोबेल. गथ्री यांना मात्र त्यात वाटा मिळाला नाही आणि त्यांच्यावर अन्याय झाल्याची चर्चा वैद्यकीय इतिहासात आजही होते.

महायुद्धातील जखमांनी काय शिकवले?

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा कारेल फ्रान्समध्ये होते. सैन्याच्या वैद्यकीय सेवेत त्यांना वेगळ्याच शत्रूला तोंड द्यावे लागले. तोफगोळ्याच्या जखमांत माती, कपड्यांच्या चिंध्या आणि जंतू भरलेले असत. अशा जखमा लगेच शिवल्या तर आत पू होई आणि हात-पाय किंवा जीव जाई. काँपिएन्य येथील रुग्णालयात त्यांनी हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाबरोबर उपाय शोधला. डेकिन यांनी सुमारे अर्धा टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण तयार केले. ते जंतू मारत असे, पण निरोगी ऊतींना फारसा धक्का लावत नसे. कारेल यांनी ते जखमेच्या कोनाकोपऱ्यापर्यंत पोहोचवण्यासाठी रबरी नळ्यांची रचना केली.

पद्धतीची शिस्त कडक होती. आधी मेलेला भाग कापून काढायचा, मग ठरावीक अंतराने द्रावण सोडायचे आणि जखमेतील स्राव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जंतू मोजायचे. संख्या पुरेशी खाली आल्यावरच जखम बंद करायची. घाईने शिवू नका, आधी जखम शिवण्यालायक करा, हा त्याचा गाभा होता. प्रतिजैविके नसलेल्या काळात या शिस्तीने अनेक सैनिकांचे हात-पाय वाचवले.

कीर्तीची दुसरी बाजू कोणती?

कारेल यांना नाट्याची ओढ होती. त्यांच्या शस्त्रक्रियागृहातील भिंतींपासून झग्यांपर्यंत सारे काळे असे. जानेवारी १९१२ मध्ये त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयातील ऊतींचा तुकडा काचेच्या भांड्यात वाढवायला घेतला. त्या पेशी मरतच नाहीत, असा डंका पिटला गेला. त्यांच्या सहकाऱ्याने हे संवर्धन १९४६ पर्यंत चालवले. पेशी शरीराबाहेर अमर असतात, ही समजूत त्यामुळे विज्ञानात रुजली. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक यांनी माणसाच्या सामान्य पेशी सुमारे ५० वेळा विभागून थांबतात, हे दाखवल्यावर ती कोसळली. कारेल यांच्या प्रयोगात पोषक अर्काबरोबर ताज्या पेशी जात असाव्यात, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

अटलांटिक महासागर एकट्याने पार करणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग मेहुणीच्या हृदयविकारावर उपाय शोधत त्यांच्याकडे आला. दोघांनी मिळून अवयवाला शरीराबाहेर जिवंत ठेवणारा काचेचा पंप बनवला आणि १९३५ मध्ये तो जगासमोर आणला. अवयवाला बाहेरून द्रव पुरवून जगवण्याच्या पुढील यंत्रांचा तो पूर्वज होता.

नाव कशामुळे काळवंडले?

त्याच १९३५ मध्ये कारेल यांचे ‘मॅन, द अननोन’ हे पुस्तक आले आणि प्रचंड खपले. माणसाच्या शरीर-मनाविषयीच्या विवेचनासोबत त्यात युजेनिक्सचा, म्हणजे ‘उत्तम’ माणसांची पैदास वाढवून ‘दुर्बळां’ना रोखण्याच्या विचाराचा उघड पुरस्कार होता. खून, दरोडा, मुलांचे अपहरण अशा गुन्ह्यांतील दोषींना आणि गुन्हा करणाऱ्या मनोरुग्णांना खास संस्थांमध्ये विषारी वायूने संपवावे, अशी सूचना त्यात होती. पुढल्या वर्षीच्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत तर त्यांनी नाझी सरकारने या दिशेने उचललेल्या पावलांची प्रशंसा केली. काही वर्षांतच जर्मनीने अपंग आणि मनोरुग्णांची वायूने हत्या सुरू केली. त्यामुळे ही पाने नंतर वाचणाऱ्याला केवळ जुन्या काळाचा पूर्वग्रह म्हणून बाजूला सारता येत नाहीत.

रॉकफेलर संस्थेतून निवृत्त झाल्यावर कारेल १९४१ मध्ये जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये परतले. नाझींशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारने त्यांच्यासाठी मानवी समस्यांचा अभ्यास करणारी एक संस्था स्थापन केली आणि तिची सूत्रे त्यांच्या हाती दिली. लोकसंख्या, आहार आणि कामगारांचे आरोग्य यांवर तिथे अभ्यास झाले. त्यातील काही काम युद्धानंतर स्थापन झालेल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय लोकसंख्या अभ्यास संस्थेकडे गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले, कारेल यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ५ नोव्हेंबर १९४४ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. खटला उभा राहिलाच नाही. निवाडा मागे राहिला तो इतिहासाकडे. १९९० च्या दशकात फ्रान्समधील अनेक शहरांनी त्यांच्या नावाचे रस्ते बदलले. ल्योंमधील वैद्यकीय विद्याशाखेला त्यांचे नाव होते. १९९६ मध्ये ते काढून स्टेथोस्कोपचे जनक लेनेक यांचे नाव देण्यात आले.

त्यांचा टाका मायक्रोसर्जरीपर्यंत कसा पोहोचला?

कारेल यांचा टाका बारीक वाहिन्यांपर्यंत नेण्यासाठी नजर तोकडी पडत होती. १९६० मध्ये अमेरिकेत ज्युलियस जेकबसन आणि अर्नेस्टो सुआरेझ यांनी शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय लहान वाहिन्या यशस्वीपणे जोडल्या. १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सू आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा पुन्हा बसवला. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॅनियल आणि टेलर यांनी त्वचेचा फ्लॅप शरीरापासून पूर्ण सोडवून दूरच्या जागी जोडल्याचे प्रसिद्ध केले. पुढे स्नायूही अशाच रीतीने नेले जाऊ लागले. आज या कामासाठी केसापेक्षाही बारीक नायलॉनचा धागा वापरतात, तरी तत्त्व तेच आहे : कडा नीट भिडवा, अस्तर दुखवू नका, समोरची भिंत पकडू नका.

आज कंबरेच्या जखमेवर त्यांचे काय उरले आहे?

पहिला वारसा शिस्तीचा. कंबरेच्या संसर्ग झालेल्या जखमेवर फ्लॅप बसवण्यापूर्वी मेलेला भाग काढणे, जखम धुणे, जंतूंची तपासणी करणे आणि गरज पडल्यास ही प्रक्रिया पुन्हा करणे, हा क्रम आजही पाळला जातो. द्रावणे आणि साधने बदलली. काँपिएन्यमध्ये गिरवलेला नियम टिकून आहे.

दुसरा वारसा टाक्याचा. शल्यचिकित्सक आधी जवळचे पर्याय पाहतात. मणक्यालगतचे स्नायू मध्यरेषेकडे सरकवणे किंवा नितंबाचा मोठा स्नायू वळवणे, हे ते पर्याय. पूर्वीच्या शस्त्रक्रियांनी किंवा किरणोपचारांनी हे स्नायू निकामी झाले असतील, किंवा खड्डा फारच मोठा असेल, तर दुसरीकडचा स्नायू पूर्ण सोडवून आणावा लागतो. त्यासाठी पाठीचा रुंद लॅटिसिमस डॉर्साय स्नायू बऱ्याचदा निवडला जातो. मात्र, कंबरेच्या मध्यभागी त्याला जोडण्याजोगी मोठी धमनी सहजी हाताशी नसते. तेव्हा पायातील लांब शीर काढून तिचा पूल बनवतात. पुलाचे एक टोक दूरच्या चांगल्या वाहिनीला आणि दुसरे फ्लॅपच्या वाहिनीला जोडतात. शिरेला धमनीचे काम देता येते, ही शिकागोत सिद्ध झालेली गोष्ट इथे रुग्णाच्या पाठीवर उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन-तीन दिवस निर्णायक असतात. परिचारिका ठरावीक वेळाने फ्लॅपचा रंग आणि उष्णता पाहतात, डॉप्लर यंत्राने रक्तप्रवाहाचा आवाज ऐकतात. रुग्णाला नव्या स्नायूवर भार पडणार नाही असे कुशीवर किंवा पालथे ठेवतात. जोडणीत गुठळी झाल्याची शंका आली तर तातडीने पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते.

कारेल यांच्या विचारांचा हिशेब मांडताना ही गोष्ट विसरता येत नाही. मणक्याला इजा होऊन चालता न येणारा, माकडहाडावर खोल शय्याव्रण घेऊन आलेला रुग्ण हा त्यांच्या पुस्तकातील ‘दुर्बळां’च्या यादीत सहज बसला असता. आज अशाच रुग्णासाठी शल्यचिकित्सकांचा चमू तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसतो आणि त्याच्या दोन मिलिमीटरच्या धमनीत टाके घालतो. कारेल यांचा टाका वैद्यकशास्त्राने ठेवून घेतला. तो कोणासाठी घालायचा, याबाबतचे त्यांचे म्हणणे मात्र वैद्यकशास्त्राने नाकारले.